उन्हात जागा हाय

“चला, पुढं सरका! उन्हात जागा हाय!”

रोज सकाळी आमच्या गल्लीत ही आरोळी उठायची आणि नवखा माणूस एसटी शोधायला वळून बघायचा. एसटी कुठली? प्लॅस्टिकचा एक टब, त्यात एक कासव आणि कमरेत वाकून तो टब उन्हामागे ढकलणाऱ्या आमच्या कंडक्टरीणबाई. जन्मभर शिरूर कासारच्या गाड्यांवर तिकिटं फाडली. नोकरी सुटली, आवाज काही सुटला नाही. मी शेजारीच शिलाई मशीनवर बसायची. त्या आवाजापायी माझी किती पोलकी वाकडी शिवली गेली, देव जाणे!

कासव त्यांचं नव्हतंच. ते समोरच्या सुनीताचं. तिच्या नवऱ्याने जत्रेतून आणलेलं, कानाजवळ तांबडा पट्टा असलेलं. घरात मूलबाळ नाही, मग त्याचे लाड काय विचारता! काचेची बरणी देव्हाऱ्याशेजारी, खायला दूध-चपाती. देवळात गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला आपण सगळेच हळदकुंकू वाहतो. सुनीता दर सोमवारी या जित्या कासवालाही तेल चोपडून हळदकुंकू लावायची.

दिवाळीनंतर नवराबायको ऊसतोडीला निघाले, तेव्हा ती बरणी घेऊन बाईंकडे आली. “फडावर कुठं नेऊ? ऱ्हायला पाचटाची कोपी, भवती कुत्री लई.”

बाईंनी कासवाच्या पाठीवर अंगठा टेकवला. पाठ दबली.

“आगं, मऊ पडलंय हे! देव केलास आन् अंधारात कोंबलंस व्हय? दगडाच्याला कुंकू चालतं. याला ऊन लागतं.”

सुनीताला रडूच फुटलं. “मरंल का ओ, बाई?”

“मरतंय कसं? तू येस्तवर पाठ टणक करून ठेवते. जा, गाडी थांबलीय.”

बोलून बसल्या खऱ्या, पण जनावर निपचित पडलेलं. मला तर वाटलं, आठवडाभरात खड्डाच खणावा लागणार. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी टोपली मांडीवर घेऊन बीडला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. कंडक्टरला दरडावलं म्हणे, “याचं तिकीट मागशील तर बघ, बे!”

तिथून पुढे गल्लीचं वेळापत्रक कासवाच्या हातात गेलं. दूध-चपाती बंद. राजगिऱ्याची पानं, बारकी मासळी आणि डॉक्टरांनी दिलेलं खाणं सुरू. पाठीला चुना मिळावा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात. चढून बसायला वीट, सावलीसाठी अर्ध्या टबावर फळी. काचेतून आलेलं ऊन चालत नाही म्हणून टब अंगणातच. आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मग पाहुणा कितीही मोठा असो.

बाई टबाचं पाणी बदलायला लागल्या तशी बायकांची कुजबुज सुरू झाली. “टँकरची वाट बघून डोळे गेले, आन् हिच्या कासवाला आंघोळ!”

“माझ्या वाट्याचं वततीय,” बाई ओरडल्या, “आन् तेच कढीपत्त्याला घालतीय. सकाळी कढीपत्ता मागायला कोण येतंय ते सांगू का?” मी मशीनवर हसून हसून बेजार.

माघ सरता सरता कासव विटेवर चढून मान ताणून बसू लागलं. आणि त्याच सुमाराला बाईच खाटेला खिळल्या. छातीचं दुखणं. बीडला न्यायला जीप आली, तर जीपमधून मला हुकूम, “सकाळचं ऊन चुकवू नका. सुनीताला शब्द दिलाय मी.”

“अहो, आधी स्वतःचं बघा!”

“माझं बघायला डॉक्टर हाय. त्याला कोण हाय?”

बाई परत आल्या नाहीत. मी मशीन बाजूला ठेवून रोज टब सरकवला, पण तोंडातून आरोळी काही निघेना.

पाडव्याच्या पुढेमागे सुनीता आली. उन्हाने रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. बाईंच्या दाराला कुलूप बघून जागीच बसली. मी टब पुढे केला. तिने पाठीवर अंगठा दाबला, पुन्हा जोर लावून दाबला.

“टणक हाय की ओ,” एवढंच म्हणाली आणि कासव छातीशी धरून हमसून हमसून रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

बाईंची ऊन-पाण्याची सगळी रीत, आरोळीसकट, माझ्याकडून ऐकून संध्याकाळी ती टब-विटेसकट कासव घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सवयीने अंगणात आले, तर सरकवायला काहीच नव्हतं. मुकाट मशीनवर बसले, दोरा ओवला.

तेवढ्यात समोरून आरोळी आली. आवाज सुनीताचा, जोर मात्र बाईंचा.

“चला, पुढं सरका! उन्हात जागा हाय!”

माझी शिवण वाकडी गेली. उसवली नाही मी ती.