हिरव्या पुड्याचा पहारा

तैवानातल्या शिंचू शहरात, आमच्या गल्लीत लुओ पी-युन राहतात. समोर सगळे त्यांना युनताई म्हणतात. मागे मी तराजूबाई म्हणते. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढल्यामुळे बाई घरीसुद्धा मीठ चिमटीने नाही, ग्रॅमने घालतात.

त्यांचं काम कार्बनच्या नळ्यांचं. केसाहून हजारो पट बारीक. इंधनघटात हायड्रोजनची वीज होते ती प्लॅटिनमच्या कणांमुळे, आणि त्या कणांना बसायला जागा लागते. काजळीवर बसवले तर काजळीच झिजते. नळ्या टिकतात, पण इतक्या गुळगुळीत, की कण घसरून कोपऱ्यात घोळका करतात. म्हणून युनताई त्या आधी आम्लात उकळून खरखरीत करतात. "पाण्यात शाईसारख्या पसरल्या की झाल्या," म्हणतात. "तरंगल्या तर कच्च्या. जास्त उकळल्या तर चुरा."

यंदा त्यांच्या नळ्यांची हजार तासांची परीक्षा लागली. घट टिकला नाही, तर प्रयोगशाळेचे साहेब पुन्हा काजळीकडे वळणार आणि बाई निवृत्त व्हायच्या आधीच त्यांची कृती कपाटात जाणार. आमच्याकडे यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवतात, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं; त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच तसा. पुडा हिरवाच हवा, न फोडलेला आणि मुदतीतला. सगळं मोजणाऱ्या बाईंनी नेमकी पुड्यावरची तारीख पाहिली नाही. नऊशेव्या तासाला लक्षात आलं, पुडा उद्या शिळा होतोय.

मला फोन. "आ-मेई, तुझ्याकडे हिरवा पुडा आहे?"

"पिवळा चालेल?"

"पिवळ्याने यंत्र बंद पडतं. थट्टा नको, माझा जीव टांगणीला लागलाय."

हिरवा होता, एकच. आदल्या दिवशी मीच फोडून थोडा खाल्लेला. भाताच्या खळीने तोंड चिकटवलं आणि नेऊन दिला.

पुढचे शंभर तास मला जेवण गोड लागलं नाही. हजार भरले तेव्हा युनताईंच्या घटाची वीज किंचितच उतरली होती; शेजारी तुलनेला लावलेल्या काजळीवाल्या घटाने कधीच मान टाकली होती. साहेबांनी नळ्याच ठेवल्या.

संध्याकाळी बाई पुडा घेऊन माझ्या सोयादुधाच्या दुकानात आल्या. "बारा ग्रॅम कमी आहे."

"कधी कळलं?"

"दिलास तेव्हाच. काट्यावर ठेवला ना."

"मग यंत्रावर ठेवलात कशाला?"

"दुसरा कुठे होता? यंत्राला सांगितलं, आ-मेईने खाल्लंय, रुसायचं तर तिच्यावर रुस."

त्याच आठवड्यात माझं सोयाबीन दळायचं यंत्र बंद पडलं. आता त्यावरही हिरवा पुडा आहे, न फोडलेला. युनताई येता-जाता तो उचलून वजन बघतात.