एसटीने दुधनीला गेलेला बायोडाटा

माझ्या बहिणीचा बायोडाटा उचलायला दोन माणसं लागली.

महादेवी माझी धाकटी बहीण. तिला दुधनीचं स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची शेती, माणसं मोकळीढाकळी. आमचे आण्णा, म्हणजे वडील, जन्मभर सोलापुरात मार्केट यार्डात पोती उचलत आले. त्या पोत्यांवर चढून मी बीएस्सी झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. अशा घरात असं स्थळ म्हणजे केवढी गोष्ट! आई या स्थळासाठी सोमवार धरणार होती. पण सोमवार ती आधीच धरत होती, म्हणून तिने गुरुवारही धरला.

मुलाच्या मामांचा फोन आला, "बायोडाटा पाठवून द्या की."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. वर गणपती, खाली मोबाइल नंबर, असा बायोडाटा तिथे दहा मिनिटांत मिळतो. पण मी नुकताच वेब पेज बनवण्याचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता! (प्रमाणपत्र आईने देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलंय. रोज त्यालाही उदबत्ती मिळते.) मग काय, दोन रविवार खपून मी बहिणीचं वेब पेज बनवलं. चारी बाजूंनी गुलाब, वर उजवीकडून डावीकडे सरकणारं 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', आणि मधोमध महादेवीचा हिरव्या साडीतला फोटो.

आण्णा कॉम्प्युटरपुढे हात जोडूनच उभे राहिले. "आक्षरं चालत्यात की रं सिद्राम!"

फाईल मामांच्या मोबाइलवर पाठवली. पाचच मिनिटांत फोन.

"सिद्रामराव, मोबाइल इचारतोय, ही फाईल कशात उघडू? काय सांगू त्याला?"

"ब्राउझर निवडा, मामा."

"आता गं! मी वरचंच दाबलो. सगळं इंग्लिश आलंय. मधी मधी बाणाची टोकं हायत. पोरगी शिकल्याली हाय म्हणून ऐकलोय, पर येवढं?"

मी त्यांना मागे यायला लावलं, मग ब्राउझर दाबायला लावलं. मामा खूश झाले. "हां, आलं बघा! गुलाबी अक्षरं आली, नाव आलं, शिक्षण आलं." मग आवाज जरा उतरला. "फोटो कुटं हाय ओ?"

"मधोमध आहे की!"

"मधोमध चिमणीएवढा फाटका कागद दिसायलाय."

मी ती फाईल आईच्या मोबाइलवर उघडली. फाटका कागद. महादेवीच्या मोबाइलवर उघडली. फाटका कागद. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र महादेवी हिरव्या साडीत झकास हसत होती. यावरून मी शास्त्रीय निष्कर्ष काढला, की घरातले आणि दुधनीतले सगळे मोबाइल बिघडले आहेत. (मी विज्ञान शाखेचा आहे.)

मग मी तीच फाईल 'अंतिम' नावाने पाठवली. नंतर 'खरंच अंतिम' नावाने पाठवली. चौथ्यांदा पाठवली तेव्हा फोनमध्ये मागून मामींचा आवाज आला, "फोटो का लपवायलेत म्हणून विचारा की त्यांस्नी!"

आईने पदर तोंडाला लावला. स्थळ हातचं जायला एवढं पुरे होतं. फोटो लपवला की बघणाऱ्याला मुलीत दहा खोडी दिसतात.

"दादा, नुसता फोटो पाठव की!" महादेवी म्हणाली.

"नुसता फोटो कुणीही पाठवतं," मी म्हणालो. "आपण वेब पेज पाठवलंय!"

"त्याला बोलू नगंस गं," आण्णा तिच्यावरच डाफरले. "त्यो शिकलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतंय न्हवं? मग त्योच घिऊन जाऊ."

माझ्या पदवीला यातलं काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटर सोलापुरी चादरीत गुंडाळून आण्णांनी खांद्यावर घेतला. एसटीत खालचा सीपीयूचा डबा मी मांडीवर घेतला. कीबोर्ड भाजीच्या पिशवीत, माउस माझ्या खिशात. त्याची शेपटी बाहेर.

कंडक्टर म्हणाला, "टीव्हीचं लगेज लागंल, काका."

"टीव्ही न्हाय ओ," आण्णा शांतपणे म्हणाले. "पोरीचा बायोडाटा हाय."

अक्कलकोटपर्यंत सबंध एसटीला स्थळाची माहिती झाली. एका आजीने तर डब्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

दुधनीत मामांनी आमचं स्वागत केलं, पण नजर चादरीवर. मामींनी पाटावर मॉनिटर ठेवायला लावला आणि घरात नवी वस्तू आली म्हणून त्याला हळदकुंकूही लावलं. शेजारपाजारचे जमले. नवरा मुलगा श्रीशैल कोपऱ्यात उभा होता. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडदा निळा झाला, सगळे पुढे सरकले...

आणि लाईट गेली.

"कधी येईल?" मी विचारलं.

"आज वार कुटला?" मामांनी कॅलेंडरकडे बघितलं. "संध्याकाळी सातला."

वाजले होते साडेअकरा. काळ्या पडद्यात मला माझं तोंड दिसत होतं, कपाळावर हळदकुंकू. तेवढ्यात आण्णांनी खाकरून शर्टच्या खिशात हात घातला, रुमाल काढला, रुमालाची घडी उलगडली आणि मामींच्या हातात महादेवीचा पोस्टकार्डाएवढा, स्टुडिओत काढलेला फोटो ठेवला.

मामींनी तो बघितला. श्रीशैलने बघितला, मामींपेक्षा जास्त वेळ बघितला. मामी हसून म्हणाल्या, "फोटो दाखवायला जी माणसं येवढं ओझं आणत्यात, ती काय लपवणार ओ? चहा टाकते. साखर जास्त घालते."

परत निघताना श्रीशैलनेच डबा रिक्षात ठेवला आणि मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "वेब पेज म्हणजे लग्नपत्रिका हो. पत्रिकेत कार्यालयाचा पत्ता असतो, कार्यालय नसतं. तुमच्या फाईलमध्ये फोटोचा पत्ता होता, फोटो तुमच्या घरी राहिला." एवढी साधी गोष्ट! माझ्या कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवली असणार. त्या आठवड्यात मी गुलाब शोधत होतो.

एसटीत बसल्यावर मी आण्णांना विचारलं, "फोटो खिशात होता, तर आधीच का नाही दिलात?"

आण्णांनी मॉनिटरवरची चादर नीट केली. "आरं, तू शिकल्याला मानूस. म्हटलं, हे आसं न्हेण्यात काय तरी कारण आसंल."

मी अक्कलकोट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

महादेवीचं लग्न थाटात झालं. पत्रिका झेरॉक्सच्या दुकानातून छापल्या; मला कुणी विचारलंही नाही. आता नवीन फाईल आली की मोबाइल अजून नम्रपणे विचारतो, ही कशात उघडू? मी पदवीधर आहे. मी सरळ आण्णांच्या खिशाकडे बघतो.