पुसलेला आवाज

तो संगणक दुरुस्त करतो, पण सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणते. हे नाव मास्तरीणबाईंनी दिलेलं, आणि तेही नाइलाजाने.

बाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आवाज जाणार हे नक्की होतं. त्यांचे यजमान कारखान्यात विजेच्या यंत्रांवर काम करायचे, हाताने काहीबाही बनवत बसायची सवय. त्यांनी आठ दिवस बाईंना माइकसमोर बसवून तीनशेवर शब्द आणि वाक्यं बोलून घेतली आणि घरच्या संगणकासाठी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. बाई कळा दाबत आणि संगणक बाईंच्याच आवाजात बोले. संगणक दुरुस्त करणाऱ्यासाठी शब्द भरून ठेवायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. ‘डॉक्टर’ मात्र होतं, दवाखान्यात फोन करावा लागेल म्हणून. पुढे यजमान गेले. मशीन अडखळायला लागलं की बाई फोन स्पीकरजवळ धरून म्हणत, ‘‘डॉक्टर. ये.’’ सगळी वाक्यं घरात नवऱ्याशी बोलायची, त्यामुळे बाई साऱ्या जगाला अरे-तुरे करत. बँकेच्या मोठ्या साहेबाला त्यांनी एकदा ‘‘ऐकतोयस ना?’’ असं विचारलं होतं, आणि साहेब निमूटपणे हो म्हणाला होता.

डॉक्टरचा धंदा तसा साधा. लोक येत आणि खोकल्याचं औषध मागावं तसं विचारत, ‘‘कुठलं अँटिव्हायरस घेऊ?’’ मग याची चौकशी सुरू. मशीनवर कोण कोण बसतं? बँकेचे व्यवहार करता? मुलं एकटी बसतात? अनोळखी ईमेल उघडता? ही उत्तरं ऐकून तो एकच नाव सांगे. कुणी फुकटातलं एक आणि विकतचं एक अशी दोन टाकून आलं की त्याचं डोकं फिरायचं. ‘‘दोघं चोर सोडून एकमेकांनाच पकडत बसतात,’’ म्हणायचा. माणूस प्रामाणिक होता, पण स्वच्छतेचं वेड भारी. तपासणीच्या शेवटी पडद्यावर हिरवी खूण आणि त्याखाली शून्य दिसल्याशिवाय त्याचा जीव भांड्यात पडत नसे. स्वतःचा फोनसुद्धा दर आठवड्याला धुतल्यासारखा करायचा. बायको एकही निरोप पुसत नाही म्हणून तिच्याशी रोजची कुरबुर.

बाईंच्या अँटिव्हायरसची मुदत संपली तेव्हा त्याने त्यांच्यासाठी चांगलं जबरदस्त निवडलं. एकटी बाई, पेन्शन बँकेत, फसवणारे काय कमी आहेत? त्याने मन लावून काम केलं. मशीनमधल्या सगळ्याची बाईंनी जपून ठेवलेली जास्तीची प्रतही, एक छोटी डिस्क, कपाटातून मागून घेतली आणि तीही मशीनला जोडली. बाई आत चहा करत होत्या. पडद्यावर सात नावं आली. सहा किरकोळ. सातव्यापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: कळफलकावरची प्रत्येक कळ चोरून पाहणारा अनोळखी प्रोग्रॅम.

डॉक्टर खूश झाला. मोठा मासा गावला होता. बाईंच्या बँकेचा पासवर्डच कुणीतरी टिपत असणार. असे प्रोग्रॅम अँटिव्हायरस आधी कोंडून ठेवतं आणि विचारतं, काय करू? त्याने ‘कायमचे पुसा’ दाबलं, डिस्कवरचीही प्रत पुसली, वर आपल्या सवयीने रिकामी जागाही घासून काढली, म्हणजे पुसलेलं पुन्हा कुणाला काढता येऊ नये. मग हिरवी खूण, खाली शून्य. चहा पिऊन तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. हातातली वही त्यांनी त्याच्यापुढे धरली. ‘आवाज येत नाही.’

‘‘स्पीकरची वायर निघाली असेल बाई, चला बघतो,’’ तो म्हणाला.

वायर जागेवर होती. मग त्याने कालची यादी उघडली, सातव्या नावापुढची, प्रोग्रॅम बनल्याची तारीख पाहिली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातली तारीख. अँटिव्हायरस खोटं बोललं नव्हतं. तो प्रोग्रॅम खरोखरच प्रत्येक कळ पाहत होता, त्याशिवाय बोलणार कसा? आणि जगात दुसरीकडे तो कुठेही नव्हता, म्हणून अनोळखी. सगळे शब्द त्याच्याच पोटात बांधलेले. बाई बोलतात ते काहीतरी विकत घेतलेलं असेल, असं हा इतकी वर्षं धरून चालला होता. विचारलं कधीच नाही.

‘‘बाई, मीच पुसला,’’ तो म्हणाला. हे तरी त्याने लपवलं नाही.

बाईंनी वही मिटली. खुर्चीवर बसल्या आणि कळांवर हात ठेवून राहिल्या.

पाच दिवस तो दुसऱ्या कुणाच्या मशीनला शिवला नाही. पुसलेलं परत आणायची होती नव्हती ती सगळी साधनं लावली. पण घासलं होतं ते त्यानेच, आणि तो काम कच्चं करत नाही. आपल्या फोनवर बाईंचे आवाजी निरोप असतील म्हणून पाहिलं, तर तिथेही सगळं लख्ख. तेव्हा मात्र त्याला रडू आलं.

‘‘माझ्या फोनवर एक असेल,’’ बायको म्हणाली. ‘‘तुझा लागत नव्हता म्हणून त्यांनी माझ्यावर निरोप ठेवला होता. मी कुठे काय पुसते?’’

‘शुभ सकाळ’वाल्या शेकडो फुलांच्या चित्रांखालून तिने तो निरोप काढून दिला. गेल्या महिन्यातला, अँटिव्हायरसबद्दलचाच. डॉक्टरने तो एकदा ऐकला आणि फोन उलटा ठेवला.

दुपारी तो बाईंकडे गेला. निरोपाचे चार तुकडे करून त्याने चार कळांना जोडले आणि तो बाजूला झाला. बाईंनी पहिली कळ दाबली. ‘‘डॉक्टर.’’ दुसरी. ‘‘ये.’’ तिसरी. ‘‘नवीन आणायचंय.’’ चौथी. ‘‘तू ठरव, मला विचारू नकोस.’’

तीनशेतलं एवढंच उरलं होतं. बाईंनी चारही पुन्हा दाबल्या, मग डोळे पुसले.

‘‘बाई,’’ डॉक्टर खाली बघत म्हणाला, ‘‘ते शेवटचं काढून टाकू का? मला ऐकवत नाही.’’

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने की मायेने, ते त्याला आजवर कळलेलं नाही. मग त्यांनी चौथी कळ दाबली.