न विचारलेला नंबर

गॅरेजच्या डाव्या भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते. नवखं गिऱ्हाईक त्यांना टेलिफोन नंबर समजायचं. एकानं तर त्यातला एक लावूनही पाहिला होता.

ते इंजिनांचे नंबर होते. गाडी दारात आली की गॅरेजवाले काका 'या, बसा' म्हणायचे नाहीत, काय बिघडलंय तेही विचारायचे नाहीत. बॉनेट उघडायचे, फडक्यानं इंजिनाची कड पुसायचे, दातांत टॉर्च धरून तिथे कोरलेला नंबर वाचायचे आणि भिंतीवर उतरवायचे. मग वळून म्हणायचे, "हं, बोला आता." एकतीस वर्षं हा नेम. सगळी गल्ली त्यांना नंबरकाका म्हणायची.

ज्याला आपल्या इंजिनाचा नंबर माहीत नाही त्याच्याबद्दल काकांचं मत काही बरं नव्हतं. म्हणजे जवळजवळ अख्ख्या मनुष्यजातीबद्दलच.

"मॉडेल काय सांगताय? मॉडेल म्हणजे नुसतं आडनाव. आडनाव बघून ऑपरेशन करतो का कुणी?"

मग प्रवचन सुरू. गाडी एकच, दिवे एकच, जाहिरातीतली हसणारी बाईसुद्धा एकच. पोटातलं इंजिन मात्र कंपनी देश बघून भरते. एका देशात इंजिनाच्या मापावर कर, बाराशे सीसीच्या आत असेल तर कमी, वर गेलं की दणका. मग कंपनी तेच खोकं घेते, आतली भोकं जरा बारीक पाडते आणि इंजिन अकराशे सत्त्याण्णववर आणून हुश्श करते. दुसरीकडे धुराचे नियम कडक, तिथे धुराला चाळण्या. तिसरीकडे पेट्रोल असं, की नाजूक इंजिन आठवड्यात खोकायला लागेल. तिथे दणकट आणि थोडं मठ्ठ इंजिन. चौथीकडे पेट्रोल स्वस्त आणि रस्ते सरळ, तिथे हे एवढं थोरलं.

"आणि गिऱ्हाईक काय बघतं?" काका पाना हवेत नाचवून विचारायचे. "सीटचा रंग!"

या तुच्छतेचा सर्वांत मोठा वाटा त्यांनी आपल्या साडूसाठी राखून ठेवला होता. साडूंचं चष्म्याचं दुकान होतं. जगाला नीट दिसावं म्हणून झटणाऱ्या या माणसाला स्वतःला इतकं कमी कसं दिसतं, हे काकांना पंचवीस वर्षांत उलगडलं नव्हतं. साडूंचा एक सिद्धान्त होता: खरं इंजिन कंपनी तिकडच्यांना देते, आपल्याला गाळ पाठवते.

"गाळ नाही हो भाऊ, मापाचं पाठवते," काका म्हणायचे. "कमी कर आपल्यालाच हवा, पेट्रोल आपलंच तसलं. तुम्ही लहान पोराच्या नाकावर थोराची फ्रेम चढवता का?"

"फ्रेमचं सोडा. ताकदीचं बोला!"

आणि एक दिवस साडूंनी ताकद विकत आणली. एक परदेशी साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाला होता, त्याची गाडी. बाहेरून बघाल तर आपल्याकडे रस्तोरस्ती दिसते तीच. फक्त मागे चौदाशेचा बिल्ला. आपल्याकडे ती बाराशेचीच मिळते.

"ओरिजनल आहे, ओरिजनल!" साडू प्रत्येक नातेवाइकाला फोन करून सांगत होते. काकांनाही केला.

"बिल्ले अॅक्सेसरीच्या दुकानात किलोवर मिळतात," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

साडूंनी त्यानंतर सहा महिने ती गाडी काकांच्या गल्लीत फिरकू दिली नाही. पण मुलीपुढे त्यांचा नाइलाज झाला. काकांची ही भाची गुरांची डॉक्टर झाली होती आणि डोंगरातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, सोबत गाडी हवी, कारण गोठे दूरदूर. गाडीशिवाय आलात तर यादीतला पुढचा माणूस बोलावू, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आणि शुक्रवारी सकाळी ओरिजनल गाडीच्या मागून पांढरा धूर यायला लागला.

दुपारी गाडी काकांच्या दारात. साडू उतरले तेच छाती काढून. भाची मागून आली.

"काका, पाणी पिते आहे नुसती. सकाळपासून दोनदा भरलं."

काकांनी बॉनेट उघडलं, धुराचा वास घेतला. "गॅस्केट गेलंय. इंजिनाचं खोकं आणि वरचं झाकण, यांच्यामधला पातळ पत्रा. तो फाटला की पाणी आत शिरतं आणि वाफ होऊन मागून निघतं." मग साडूंकडे वळून, "काय भाऊ, ताकद वाफेवर चालते वाटतं?"

"चौदाशेचं आहे म्हटलं! जपून हात लावा."

"चौदाशेचं!" काका हसले. असं हसले की समोरचा पंक्चरवाला बघायला आला. "अहो, साहेबानं इथलंच बाराशेचं इंजिन बसवून घेतलं असणार, वर बिल्ला चिकटवला आणि तुम्हाला टोपी घातली. बॉनेट उघडलं तेव्हाच ओळखलं मी. डिट्टो आपलंच आहे."

"बघा तर खरं नीट."

"एकतीस वर्षं बघतोय!"

भाची एकदा वडिलांकडे, एकदा काकांकडे बघत राहिली. साडूंनी शर्टाच्या खिशाला हात लावला, काही बोलणार होते. पण काका तोवर फोनवर पार्टवाल्याला बाराशेचं गॅस्केट सांगून मोकळे झाले होते. इंजिनाची कड पुसायची राहिली. दातांत टॉर्च धरला असता तर बोलता आलं नसतं, आणि त्या दिवशी काकांना बोलायचं फार होतं.

शनिवारी दुपारी काकांनी झाकण उतरवलं, जुना फाटका पत्रा खरवडून काढला, जागा आरशासारखी स्वच्छ केली. मग नवं गॅस्केट पाकिटातून काढून अलगद वर ठेवलं. बोल्टची भोकं बरोबर जुळली. पण मधली चार मोठी भोकं? पत्र्याची कड चारही ठिकाणी आत आली होती, गोल, सारखी, नखाएवढी. मोठ्या तोंडाच्या बरणीवर लहान भोकाची चकती ठेवावी तशी.

काकांनी पत्रा उलटा करून पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा सुलटा केला.

तेच खोकं, भोकं जरा बारीक. हे प्रवचन हजार वेळा दिलेला माणूस त्याच प्रवचनावर वाकून उभा होता, आणि पत्रा काही मोठा होत नव्हता.

"बसत नाहीये ना, काका?" भाचीनं हळूच विचारलं.

काकांनी फडकं घेतलं, कड पुसली, टॉर्च दातांत धरला आणि एक दिवस उशिरानं नंबर वाचायला वाकले. मागून साडूंचा आवाज आला. अगदी शांत. साडू शांतपणे बोलू शकतात हे गॅरेजमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

"कशाला मान मोडताय? हा घ्या."

खिशातून चिठ्ठी निघाली. चष्म्याच्या दुकानाचं छापील पाकीट, मागे सुवाच्य अक्षरात इंजिनाचा नंबर. घड्यांवरून विरलेलं.

"गाडी घेतली त्याच दिवशी उतरवून ठेवला होता. म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा हेच विचारणार. काल संध्याकाळपर्यंत वाट बघितली हो. तुम्ही विचारलंच नाही."

काकांनी दातांतला टॉर्च न काढताच चिठ्ठी घेतली. हे काही साडूंना सोसेना. ते स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या, होतं असं कधी कधी. चष्मा कधी बदललाय शेवटचा?"

पार्टवाल्याला नवा नंबर सांगितला, तर तो म्हणाला, हे इंजिन आपल्याकडे विकलंच जात नाही, गॅस्केट परदेशातून मागवावं लागेल, तीन आठवडे धरून चाला. भाची एका टायरवर बसली. रडली नाही, पण पत्राची घडी उलगडत आणि घालत राहिली.

काकांनी हात धुतले. साबण लावून, नखांच्या कडांपर्यंत, एरवी कधी धूत नाहीत तसे. मग गॅरेजच्या आतल्या खोलीत गेले आणि स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन आले. ही गाडी बत्तीस वर्षांची. तिला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. काकूंनासुद्धा फक्त बसायची परवानगी होती, तीही दार हळू लावण्याच्या अटीवर.

"घे. चढाला दमते, दुसऱ्या गिअरवर राहा. हिला घाई केलेली आवडत नाही." मग किल्ली हातातच धरून, "नंबर सांग बघू इंजिनाचा?"

भाचीनं घडाघडा म्हणून दाखवला. लहानपणापासून भिंतीवरच्या पहिल्या ओळीत वाचत आली होती. तेव्हा कुठे किल्ली सुटली.

सोमवारी पावणेदहाला तिचा फोन आला: पोचले. दार कुणीतरी जोरात लावलं, हे मात्र तिनं प्रामाणिकपणे सांगितलं.

इकडे साडूंची गाडी झाकण काढलेल्या अवस्थेत गॅरेजभर पसरली आणि तिच्याशेजारी साडू. रोज संध्याकाळी पाचला दुकान नोकरावर टाकून ते यायचे, स्टूल ओढायचे, चहा मागवायचे आणि दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला काकांच्या आधी विचारायचे, "नंबर?"

काकांना कामावर बसनं यावं लागत होतं, त्याचं काही नाही. ते 'नंबर?' मात्र पाठीत फोडणीसारखं तडतडायचं. आणि मान वर करून काही म्हणावं अशी सोय उरली नव्हती.

तेविसाव्या दिवशी खरं गॅस्केट आलं आणि जागेवर असं बसलं की काकांनी त्याला उगाच दोनदा उचलून पुन्हा ठेवलं. नंबर भिंतीवर चढला. बाराशेचं, न बसलेलं गॅस्केट पार्टवाला परत घ्यायला तयार होता. काकांनी दिलं नाही. भिंतीत खिळा ठोकून त्या नंबराखाली टांगलं.

गाडी भाचीकडे गेली, काकांची परत आली. साडू मात्र पाचच्या ठोक्याला येतच राहिले.

"हे काय टांगलंय हो काका?" एखादं गिऱ्हाईक विचारतं.

"आहे एका शहाण्याचं," काका बॉनेटमध्ये डोकं खुपसून म्हणतात.

"नीट सांगा की त्यांना," स्टुलावरून आवाज येतो. "आणि आधी टॉर्च तोंडात धरा!"