आक्काचं जुनं दुखणं

बहात्तरच्या दुष्काळातला काष्टीचा बाजार. बाजार कसला... निम्मीच जनावरं, तीही हाडं वर आलेली. मी मामंजींबरोबर आले होते, पण बाजाराला नाही, थोरल्या जावेचं औषध न्यायला.

जावेला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. तिचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं... कधी जुलाब, कधी चार-चार दिवस साफच नाही, आणि पाहुणे यायचे म्हटलं की हमखास कळ. आम्ही चेष्टा करायचो, तीही आमच्यात सामील होऊन हसायची.

त्या साली रेशनची ती लाल मिलो, परदेशी ज्वारी, खाऊन अख्ख्या गावाची पोटं बिघडली होती. त्यामुळे आक्काचं दुखणं वाढलं, तर कुणाला विशेष वाटलं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून सगळ्यांचीच अंगं उतरली होती, तिचंही उतरलं.

खाडा नको म्हणून ती कामावर गेली आणि मला पाठवलं. मी सातवी पास, म्हणजे घरातली विद्वान! तेव्हा दुखणं एकाचं आणि दवाखान्यात जाणार दुसरंच, हे सर्रास चालायचं.

निघताना तिनं मला चुलीपाशी ओढलं. “डाक्टरला येवढं सांग बाई... दीड म्हैना झाला, परसाकडला रगत पडतंय. मामंजींम्होरं माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. तू शिकलेली हायेस.”

डॉक्टरांनी सगळं नीट विचारलं, त्यांना बोल नाही. दुखणं किती वर्षांचं, खाते काय... आणि मग, “शौचातून रक्त जातं का?” शेजारच्या बाकावर मामंजी टोपी मांडीवर घेऊन बसलेले. माझे कान तापले... आणि मी म्हणाले, “न्हाई.”

मग काळजीचं काही नाही, जुनंच दुखणं आहे, असं म्हणून त्यांनी पुड्या बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर मला दहादा वाटलं, मागं फिरावं... पण मामंजींना कारण काय सांगणार? घरी आक्कानं विचारलं, “सांगितलंस न्हवं?” मी होकाराची मान हलवली.

वर्ष सरता सरता तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. आतड्यात गाठ होती, हाताबाहेर गेलेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो तिनं...

पुढे मलाही असलंच पोटाचं दुखणं लागलं. आक्काच्या जुन्या दुखण्याचाच कॅन्सर झाला असं मी धरून चालले होते, त्यामुळे प्रत्येक कळेला जीव मुठीत. शेवटी गेल्या महिन्यात नगरच्या डॉक्टरांना विचारून टाकलं.

ते म्हणाले, “आजी, तुम्हाला आयबीएस आहे, म्हणजे आतड्यांची चाल बिघडण्याचं जुनाट दुखणं. आयबीएसचा कॅन्सर होत नाही. पण आयबीएस असलेल्या माणसाला कॅन्सर कधी होणारच नाही, असंही नाही. रक्त पडणं, वजन उतरणं ही आयबीएसची लक्षणं नव्हेत. तसं काही झालं तर लगेच यायचं.”

स्वतःपुरतं क्षणभर हायसं वाटलं... आणि मग ध्यानात आलं. म्हणजे आक्काचं ते रक्त जुन्या दुखण्याचं नव्हतंच. ते नवीन होतं, तिनं बरोबर ओळखलं होतं, आणि मी लाजेपायी ते गिळून टाकलं.

तेव्हा सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हेही विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. खोटा धीर दिला नाही, याबद्दल त्यांचे आभारच.

तुमच्या घरातही असं कुणी असेल, ज्याच्याबद्दल आपण “त्याचं पोट म्हणजे नेहमीचंच” म्हणतो... त्याला एकदा नीट विचारा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका, खरं सांगा.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला बोलले नाही. शेवटच्या दिवसांत मी आक्काच्या उशाशी बसून रडत होते. ती म्हणाली, “येडी हायेस का? तू तर सांगितलं हुतंस. डाक्टरलाच उमगलं न्हाई, त्याला तू काय करनार?”

असं म्हणून तिनं माझे डोळे पुसले... आणि मी पुसू दिले.