बिनआवाजाची बेल

स्क्रूचं आणि किश्शांचं सारखंच आहे. कुठलीही वस्तू उघडून पुन्हा बसवली की एखादा स्क्रू उरतोच! तो कुठला, ते कळत नाही आणि मिक्सर तर गरागरा फिरत असतो. फेकून द्यायला मन होत नाही, म्हणून तो डब्यात जातो. माझ्याकडं अशा स्क्रूंचा मोठा डबा भरलाय. किश्शांना डबा नाही, त्यामुळं तुमच्यासारखं कुणी चहाला टेकलं की ते सांडतात.

आज एकाच रविवारचे सांगते. पण आधी ओळख करून द्यायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण?

मी सुमन, मानवतची. आयटीआयला मी वायरमनचा ट्रेड केला. सर्टिफिकेटवर तसंच छापून आलंय, वायरमन! घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मिक्सर, पंखे, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करते. आमचे हे जिनिंगवर कापसाच्या वजनकाट्यावर असतात. ह्यांना करंटची भयंकर भीती. टॉर्चमधले सेलसुद्धा चप्पल घालून बदलतात!

झरीच्या एका माणसाचा एकदा फोन आला.

"वायरमन हायेत का?"

"बोला ना."

"आवो ताई, वायरमनला द्या की."

दोन-तीनदा असं झाल्यावर मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधूनमधून "हूं, हूं" केलं आणि म्हणाले, "एक मिनिट हं, वायरमनला इचारून सांगतो!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय गं, स्टार्टर दाबला की धरतो आन लगेच सोडतो म्हणायलेत. काय आसंल?"

मी सांगितलं, ह्यांनी पोचवलं. अजूनही त्या माणसाचा फोन आला की कारभार असाच चालतो. परवा तो ह्यांना म्हणाला म्हणे, "तुमचा वायरमन लय हुशार हाय. पर मुका हाय का ओ?"

*

तर त्या रविवारी दोन कामं काढली होती. एक म्हणजे शेडला वेगळी लाइन ओढायची, कारण मी ड्रिल चालवलं की पुढच्या खोलीतला पंखा मान टाकायचा. आणि दुसरं काम त्याच पुढच्या खोलीतलं, म्हणजे आत्याबाईंचं. आत्याबाई माझ्या सासूबाई.

आत्याबाईंना ऐकू येत नाही. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. "मला समदं आयकू येतं. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलायलाव!" कानाच्या मशीनचं नाव काढलं तर म्हणाल्या, "कानात यंत्र? मी काय मोबाइल हाय का, रोज चार्जिंगला लावायला?"

विषय तिथंच संपायचा. पण मग गोदामावशीचं झालं.

गोदामावशी समोरच्या घरात राहतात. त्यांच्या शेळ्या आहेत. इतकी वर्षं रोज दुपारी त्या यायच्या, आत्याबाई चहा करायच्या आणि दोघी मिळून अख्ख्या गल्लीचा हिशोब चुकता करायच्या. उन्हाळ्यात एका दुपारी मावशींनी दार वाजवलं. हाका मारल्या. आत्याबाई आत भिंतीकडं तोंड करून गहू निवडत बसलेल्या. त्यांना पत्ताच नाही! मावशी रस्त्यातच म्हणाल्या, "आता बोलीवल्याबिगर ह्या दारात पाय ठिवायची न्हाई."

आत्याबाईंना तेही ऐकू आलं नाही.

मी मावशींकडं गेले, समजावलं, की अहो, त्यांना ऐकूच येत नाही. तर मावशी म्हणाल्या, "परवा भगुनं पडलं तवा कशी दचकून भायेर आली? भांडं आयकू येतं आन मी येत न्हाई व्हय?" आता भगुनं पडलं ते आत्याबाईंच्याच पायावर, हे कोण सांगणार!

इकडं आत्याबाई रोज दुपारी दोन कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. "आजकाल कोनीच येत न्हाई गं," म्हणायच्या. मला ते बघवायचं नाही. म्हणून ठरवलं, दारावर बटण लावायचं आणि आत त्यांच्या नजरेसमोर दिवा. बटण दाबलं की दिवा लागेल. आवाजाचं कामच नाही!

*

काम सुरू करताना मी मेन स्विच पाडला आणि ह्यांना मीटरपाशी उभं केलं. "इथनं हलायचं नाही आणि कुणालाही स्विच वर करू द्यायचा नाही." हे चप्पल घालून, लाकडी पाटावर, हाताची घडी घालून उभे राहिले. बघून वाटलं, बॉर्डरवर सुद्धा एवढा पहारा नसेल.

मी स्टुलावर चढून वायर सोलतेय, तेवढ्यात शेजारचे काका आले. काका एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत.

"काय, लाइट गेली काय तुमची?" काकांनी विचारलं.

"गेली का? थांबा, बघतो," असं म्हणून ह्यांनी स्विच वर केला!

दिवा काही लागला नाही. हे गोंधळले. मी स्टुलावरूनच म्हणाले, "अहो, फ्यूज माझ्याकडं आहे." तो काढून मी आधीच कमरेला खोचला होता.

काका म्हणाले, "का गं? ह्याला उभा केला होतास ना?"

"म्हणूनच!" मी म्हणाले. इतकी वर्षं संसार केलाय, माणूस ओळखून आहे मी.

*

मधेच चुडाव्याचे एक शेतकरी आले. रेल्वेनं आलेले, खांद्यावर गोणी आणि गोणीत मोटारीचा मोबाइल स्टार्टर. फोन केला की मोटार चालू होते, तसला. त्यात फक्त मालकाचा नंबर घालायचा असतो, म्हणजे दुसऱ्याचा फोन तो घेत नाही. ह्या शेतकऱ्यानं नंबर घातलाच नव्हता.

"काय सांगू बाई! कर्ज पायजे का म्हनून कोन्या बाईचा फोन आला आन मोटार चालू! मी पाव्हन्याकडं जेवायला. येऊन बघतो तं हळदीत पाय ठिवायला जागा न्हाई, समदं पानी!"

मी दहा मिनिटांत नंबर घालून दिला. म्हटलं, आता दुसऱ्या कुणाच्या फोननं सुरू होणार नाही. पण गडी काही खूश दिसेना. गोणी बांधता बांधता घुटमळायला लागला.

"का हो, काय झालं?"

"तसं न्हाई… आमच्याकडं लाइट यायली पाटंचं. मला लवकर जाग येत न्हाई." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या बाईला रोज त्याच टायमाला फोन करायला सांगता येईल का?"

*

दुपारी ह्यांना लाल बल्ब आणायला पाठवलं. साधा, छोटा, लाल. मेनरोडच्या दुकानात लाल संपले होते. दुकानदारानं विचारलं, "कशाला पाहिजे?" हे म्हणाले, "आईच्या खोलीत." मग काय, त्यानं आपल्या बुद्धीनं समईच्या ज्योतीसारखा बल्ब काढून दिला आणि ह्यांनी तो भक्तिभावानं आणला! परत पाठवायला वेळ नव्हता. तोच लावला, फ्यूज परत बसवला.

आता टेस्टिंग. काका दाराबाहेर उभे, मी आत आत्याबाईंजवळ. काकांनी बटण दाबलं. ज्योत लागली. आत्याबाईंनी बघितलं, लगबगीनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले!

"आत्याबाई, दार उघडा," मी ओरडून म्हणाले.

"दम, नमस्कार तं करू दे!"

तेवढ्यात काका आत आले. म्हणाले, "बेल बिघडली. आवाज येईना."

"काका, आवाज नाहीच त्याला. नुसता दिवा लागतो."

काकांना हे पटेना. पुन्हा बाहेर गेले आणि जन्मभराच्या सवयीनं बटण दोनदा दाबलं. आत ज्योत दोनदा लुकलुकली. "डबल दिली," काका बाहेरून ओरडले, "तरी गाडी हलंना!"

शेवटी हे आत्याबाईंच्या समोर बसले आणि हातवारे करून, ओरडून ओरडून त्यांना समजावून सांगितलं, की दिवा लागला म्हणजे दारात कुणीतरी आलंय, उठून दार उघडायचं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्याला आयकू कमी येतं का गं? केवढ्यानं वरडायलाय!"

*

मग काकांनी गल्लीभर दवंडी पिटली. त्यांना नवीन काही कळलं आणि ते पोटात राहिलं, असं कधी झालेलं नाही. जो तो बटण दाबायला यायला लागला! इस्त्रीवाला आला, भाजीवाली आली, मागच्या गल्लीतल्या बायका तर घोळका करून आल्या. बटण दाबायचं, आत ज्योत, की आत्याबाई दारात हजर! प्रत्येकाला "ये, बस, पानी घे." आत-बाहेर करून त्या घामाघूम झाल्या, पण चेहरा कसा खुलला होता. मला म्हणाल्या, "बघ, आज लय लोकं यायलेत. मधी कुठं गेलते समदे, कोन जाने!"

मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. ही सगळी माणसं आधीही येत होती. दार वाजवून निघून जात होती.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दार उघडलं की आत्याबाई आलेल्या माणसाला "ये, बस" म्हणायच्या आणि त्याच्या खांद्यावरून समोर बघायच्या. समोर ओट्यावर गोदामावशी शेळ्यांसाठी पाला तोडत बसल्या होत्या. त्या खाली मान घालून तोडत होत्या, पण आमचं दार उघडलं की त्यांचे हात थांबायचे. दुपारभर हेच चाललं. दार उघडायचं, मावशींचे हात थांबायचे. दार लागायचं, पुन्हा पाला.

काका म्हणाले, "जाऊन आणतो तिला." मी त्यांना ओढून आत आणलं. हे तिकीट काढून बसवायचं काम नव्हतं. मनातून मात्र मी फार धास्तावले होते. वाटलं, सगळी गल्ली येऊन गेली आणि जिच्यासाठी एवढी वायर ओढली तीच आली नाही, तर आत्याबाई उद्या हा दिवाच काढायला लावतील.

संध्याकाळ झाली. गर्दी ओसरली. मी शेडमध्ये हत्यारं आवरून पुढच्या खोलीत आले, तर आत्याबाई पलंगावर बसलेल्या आणि ज्योत लागलेली.

"आत्याबाई, दिवा!"

"दिसायलाय मला."

त्या उठेनात. मी खिडकीतून डोकावले. दारात गोदामावशी उभ्या होत्या. बटणावर बोट दाबून, दुसऱ्या हातात पदराखाली तांब्या झाकलेला. मी गडबडीनं वळून त्यांना खुणेनं सांगायला लागले, की मावशी आल्यात, मावशी!

"ठाव हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"दुपारधरनं समदे दाबायले आन सोडायले. ही दाबूनच उभी हाय."

खरंच, ज्योत जराही हलत नव्हती. आत्याबाईंनी पदर सारखा केला, केस कानामागं घेतले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दिव्याकडं बघत बसल्या. ओठ दाबून हसू आवरत होत्या.

"अहो, उघडू का दार?"

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"दम जरा. दाबू दे तिला. लय दिवसांनी आलीय."