थानापुढचा रोडगा

पातेल्याचं निम्मं बूड नर्मदाबाईनं राखेनं घासून लख्ख केलं होतं, निम्मं अजून काळंच होतं, आणि हात मात्र थांबला होता. बांधावरून दोन पोरी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन बसच्या फाट्याकडं चालल्या होत्या. पुढची, भक्ती, एकदाही मागं वळली नाही.

येलदरी धरणाच्या पाण्याकडंच्या रानात थंडीचे दिवस आले की शहरातली पोरं तंबू टाकायला येतात. त्यांना पिठलं-भाकरी करून घालायचं काम नर्मदाबाईचं. नियम सांगायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. जाळ करायचा नाही, केळाचं सालटंसुद्धा आपल्यासंगं परत न्यायचं, आणि खाण्याची कुठलीच वस्तू उघड्यावर किंवा तंबूत ठेवायची नाही. सगळं लोखंडी पेटीत, वरून कडी. नियम मोडला की तंबू उठवायचा. तिचा चुलत दीर सूर्यभान तिथला रखवालदार. तो म्हणायचा, माझ्या शिट्टीला कुणी विचारत नाही, वहिनीच्या नजरेला भितात. ती नुसता पदर सारखा करायची. पण बरं वाटायचं तिला.

काल चंपाषष्ठी होती. भरीत-रोडग्याचा नैवेद्य घरच्या खंडोबाला दाखवून झाला. मग सासूच्या रिवाजाप्रमाणं एक पत्रावळ रानातल्या थानाला, म्हणजे तंबूंच्या शेजारच्या शेंदूर फासलेल्या दगडालाही ठेवली. हात जोडताना नियम तिच्या मनातही आला नाही. नैवेद्याला कुणी खाणं म्हणतं का? आणि तिथून माघारी येतानाच तिनं भक्तीला बिस्किटाचा पुडा तंबूत नेताना धरलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आईनं काई वळण लावलं न्हाई का गं?" पोरीनं मुकाट्यानं पुडा पेटीत टाकला.

आज दिवस उगवताना वानरांची टोळी उतरली आणि भक्तीचा तंबू फाडून गेली. सूर्यभाननं आल्या आल्या ठरवूनच टाकलं, हिनं पुडा परत आत नेला असणार. भक्ती सांगत होती, पेटी उघडून बघा, पुडा आतच आहे. कुणी उघडली नाही.

नर्मदाबाई तिथंच उभी होती. तिनं थानाकडं पाहिलं. पत्रावळ उलटी पडलेली, भरीत दगडाला फासलेलं, आणि रोडग्याचे तुकडे तंबूच्या दिशेनं सांडत गेलेले. तिनं वाकून ते तुकडे पदरात वेचले. बघणाऱ्यांना वाटलं, बाई किती टापटिपीची. तिनं पदराला गाठ मारली आणि काल आईचं नाव काढणारं तोंड आज उघडलं नाही. पोरींनी फाटका तंबू गुंडाळला.

आता सूर्यभान चहाला येऊन चुलीपाशी टेकला.

"बरी जिरली त्या पोरीची. आता येईल त्याला तिचंच नाव सांगायचं, वहिनी."

नर्मदाबाईनं पदराची गाठ सोडली आणि तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"पुडा नव्हता, भाऊजी. वानरं ह्याच्यामागं आली. मीच ठिवलं व्हतं थानाला."

सूर्यभाननं एक तुकडा उचलून पाहिला, परत खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "देवाचं हाय ते. देवाला कुठं नियम असतोय?"

"ठिवणारीला तर हाय."

"जाऊ द्या. पोरी गेल्या. कुणाला ठावं हाय?"

त्यानं तिला सावरायलाच म्हटलं होतं. पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळपासून ती स्वतःला हेच सांगत होती, अगदी ह्याच शब्दांत; आणि हेच मनात धरून तिनं देवापुढं दिवाही लावला होता. आज पहिल्यांदाच त्या दिव्याकडं तिला नीट बघवलं नव्हतं.

जिंतूरची बस अजून आली नव्हती. पातेलं तसंच चुलीशेजारी पालथं घालून तिनं हाताची राख धुतली, पायात चपला सरकवल्या. सूर्यभाननं चहाचं विचारलं, तर म्हणाली, तुमचा तुमी करून घ्या.

तिला फाट्यावर जायचं होतं, भक्तीची माफी मागायला.